राष्ट्रीय शोकाचे पहिले पान पुरावा म्हणून वापरताना या चुका टाळा

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ रोजी झाला, तेव्हा त्या तारखेचा अंक काढून द्या, अशी चिठ्ठी घेऊन आमच्या वाचनालयात दर वर्षी कोणी ना कोणी येते. मी अंकांची बांधलेली जिल्द काढून टेबलावर ठेवते. येणारा पहिले पान पाहतो, उलटतो, पुन्हा पाहतो आणि थोड्या वेळाने मला येऊन सांगतो की या अंकात भूकंपाचे नावही नाही, वृत्तपत्राने बातमी दडवलेली दिसते. पानावर असते ते आदल्या दिवशीच्या अनंत चतुर्दशीचे, विसर्जनाच्या मिरवणुकांचे वृत्त. भूकंप झाला तो पहाटे चारच्या सुमारास. त्या वेळी अंक छापून, गठ्ठे बांधून गाडीत चढलेला होता. भूकंपाची बातमी १ ऑक्टोबरच्या अंकात आहे आणि तिथे ती पानभर आहे.

गोव्यात फोंडा येथील एका जुन्या वाचनालयात मी वृत्तपत्रांच्या फायली सांभाळत आले आहे. शाळा-महाविद्यालयांचे प्रकल्प, प्रबंध, स्मृतिदिनांची प्रदर्शने, अशा सगळ्यांसाठी लोक पहिली पाने शोधत येतात आणि त्याच त्या चुका करून परत जातात. मोठ्या दुर्घटनेच्या दुसऱ्या दिवशीचे पहिले पान हाती आले की इतिहास हाती आला, असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात ते पान छापायला सोडले त्या घटकेपर्यंत संपादकांच्या टेबलावर जेवढे पोहोचले होते, तेवढेच त्यावर असते. ही एक गोष्ट पक्की ध्यानात धरली, तर पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका होणारच नाहीत.

घटनेची तारीख आणि अंकाची तारीख

महात्मा गांधींची हत्या ३० जानेवारी १९४८ रोजी सायंकाळी ५ वाजून १७ मिनिटांनी झाली, म्हणून सकाळच्या दैनिकांत ती ३१ जानेवारीला येते. पंडित नेहरू २७ मे १९६४ रोजी दुपारी गेले, त्यांचे पान २८ मेचे. इंदिरा गांधींवर ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी सकाळी नऊनंतर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यामुळे त्यांच्या बाबतीत त्याच दिवशीचे जादा अंकही निघाले आणि १ नोव्हेंबरचे नेहमीचे अंकही आहेत. हे दोन्ही वेगवेगळे पुरावे आहेत. पहिला गोंधळाच्या तासांत घाईने काढलेला आहे, दुसऱ्याला रात्रभराचा अवधी मिळालेला आहे. राजीव गांधींची हत्या २१ मे १९९१ रोजी रात्री दहानंतर झाली. इथे तारखेइतकाच आवृत्तीचाही, म्हणजे त्या तारखेचा अंक कोणत्या वेळी आणि कोठल्या वाचकांसाठी छापला याचाही, प्रश्न येतो, आणि आवृत्तीकडे दुर्लक्ष करणे ही मला सर्वांत अधिक खटकणारी चूक आहे. तिच्यावर मी थोडे सविस्तर लिहिणार आहे.

काही वर्षांपूर्वी इतिहासाची एक विद्यार्थिनी लालबहादूर शास्त्रींच्या मृत्यूवर प्रकल्प करीत होती. मुलगी कष्टाळू होती, पण निष्कर्षाकडे धाव घेण्याची तिला घाई होती. ११ जानेवारी १९६६ या एकाच तारखेची दोन पहिली पाने तिच्याकडे होती. एक आमच्या फायलीतील, मुंबईच्या एका दैनिकाचे. त्यावर ताश्कंद करार झाल्याचा आठ कॉलमी मथळा होता. दुसरे तिला मुंबईतील एका नातेवाइकाने छायाचित्र काढून पाठवलेले, त्याच दैनिकाचे; त्यावर शास्त्रीजींच्या निधनाचा मथळा आणि काळी चौकट होती. दोन्ही पाने शेजारी शेजारी छापून तिने खाली लिहिले की एका वृत्तपत्राने आरंभी पंतप्रधानांच्या मृत्यूची बातमी दाबली आणि लोकक्षोभानंतर पान बदलले. शास्त्रीजींच्या मृत्यूभोवती आधीच संशयाचे इतके धुके आहे की तिला हा निष्कर्ष अगदी सहज सुचला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिला एवढेच विचारले की या दोन पानांवरच्या आवृत्तीच्या खुणा कोणत्या. तिला उत्तर देता आले नाही आणि प्रकल्पाचा सगळा डोलारा त्या एका प्रश्नावर कोसळला. ती रडत माझ्याकडे आली. जिल्द तिच्या हाती देताना मी स्वतः तिला आवृत्तीची खूण दाखवायला हवी होती, ती मी दाखवली नव्हती, याची टोचणी मला आजही आहे.

खरी हकीकत साधी आहे. करारावर सह्या झाल्या १० जानेवारीला. शास्त्रीजी गेले ते त्याच रात्री, मध्यरात्र उलटल्यानंतर. ताश्कंदहून यूएनआय या वृत्तसंस्थेला ती बातमी पत्रकार कुलदीप नय्यर यांनी कळवली, तेव्हा रात्रपाळीच्या सहकाऱ्याचा तिच्यावर विश्वासच बसेना, कारण शास्त्रीजींच्या त्या संध्याकाळच्या भाषणाची बातमी त्याने नुकतीच हातावेगळी केली होती. दूरच्या गावांना जाणारी डाक आवृत्ती रेल्वेची आणि एसटीची वेळ साधण्यासाठी संध्याकाळीच छापून मोकळी होत असे. शहर आवृत्तीचे पान मात्र उत्तररात्रीपर्यंत उघडे ठेवता येई. त्यामुळे एकाच तारखेच्या एका आवृत्तीत पंतप्रधान करार करून परत यायला निघालेले आहेत आणि दुसरीत ते या जगात नाहीत. दोन्ही पाने प्रामाणिक आहेत. दोन्हींमध्ये अंतर आहे ते काही तासांचे.

गोव्यातील अभ्यासकाने तर याबाबतीत दुप्पट सावध राहायला हवे. मुंबईची दैनिके त्या काळी इथे बोटीने किंवा एसटीने उशिरा पोहोचत, आणि जी पोहोचत ती बहुधा डाक आवृत्ती असे. आमच्याकडच्या जुन्या फायलींत मुंबईच्या दैनिकांचे जे अंक बांधलेले आहेत, त्यांत मध्यरात्रीच्या आसपास घडलेली कोणतीही मोठी घटना दुसऱ्या दिवशीच्या तारखेखाली सापडण्याची आशा मी धरत नाही. ती तिसऱ्या दिवशीच्या अंकात, आणि तीही एखाद्या जुन्या बातमीसारखी शांत सुरात, सापडते. एवढ्यावरून त्या दैनिकाला दुःख झाले नाही असे लिहिणारे प्रबंध मी वाचले आहेत.

आवृत्तीची खूण कोठे असते, हे विचारले जाते. मास्टहेडच्या, म्हणजे अंकाच्या नावाच्या पट्टीच्या, आजूबाजूला, तारखेच्या ओळीत किंवा पानाच्या वरच्या कोपऱ्यात पाहावे. कोठे ‘डाक’ किंवा ‘शहर’ असा सरळ शब्द असतो, कोठे एखादे अक्षर, तर कोठे चांदण्यांसारख्या एक-दोन-तीन फुल्या. माझी सवय अशी आहे की मथळा वाचण्याआधी पेन्सिलीने चार गोष्टी वहीत उतरवायच्या: अंकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण, तारीख व वार, आवृत्तीची खूण, आणि मुख्य बातमीची डेटलाइन म्हणजे बातमी कोठून व कोणत्या दिवशी निघाली ते. वार लिहायला मुले कंटाळतात, पण तारखेत झालेली चूक वारावरूनच पकडता येते. मथळा आधी वाचला की मन त्यात अडकते आणि हा कोपरा पाहायचा राहून जातो. शिवाय मी कोणालाही एकच अंक काढून देत नाही. घटनेच्या दिवसापासून पुढचे आठ दिवस काढून देते, आणि ज्याला आठ दिवस वाचायला सवड नाही, त्याला पुन्हा सवडीने यायला सांगते.

मृतांचा आकडा उतरवून घेणे

ही दुसरी चूक. पहिल्या पानावरचा आकडा मोठ्या टाइपात असतो, म्हणून तो पक्का वाटतो. तो सगळ्यांत कच्चा असतो. भोपाळमध्ये २ डिसेंबर १९८४ च्या रात्री आणि ३ तारखेच्या पहाटे विषारी वायू पसरला. ४ डिसेंबरला ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या मथळ्यात किमान ४१० मृत्यू असे होते. सरकारचा सुरुवातीचा आकडा २,२५९ होता आणि पुढे मध्य प्रदेश सरकारने वायुगळतीशी संबंधित ३,७८७ मृत्यू मान्य केले. पीडितांच्या संघटना याहून कितीतरी मोठी संख्या सांगत आल्या आहेत, कारण वायूने माणसे पुढेही वर्षानुवर्षे मरत राहिली आणि त्यांच्यासाठी कोणत्याही वृत्तपत्राने पुन्हा आठ कॉलम दिले नाहीत. ज्या विद्यार्थ्याने ‘भोपाळमध्ये ४१० लोक मेले’ असे लिहिले, त्याने पानावरचे बरोबर उतरवले आणि तरीही तो साफ चुकला.

किल्लारीचेही तेच. पहिल्या दिवशीचा अंदाज, दुसऱ्या दिवशी ढिगारे उपसल्यावरचा अंदाज, आणि अखेर सरकारी नोंदीतील ७,९२८ हा आकडा, यांची एकमेकांशी तुलना करता येते, पण त्यांतील पहिला उचलून शेवटच्या जागी ठेवता येत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर हल्ला सुरू झाला तेव्हा २७ तारखेची पाने बंद होत होती आणि गोळीबार चालूच होता. हल्लेखोर वगळून १६६ हा मृतांचा आकडा पुढे कित्येक दिवसांनी स्थिर झाला.

मी आकडा कधी एकटा लिहीत नाही. त्याच्या गळ्यात तारीख आणि सांगणारा अडकवते: ‘४ डिसेंबरपर्यंत, अमुक अधिकाऱ्याच्या हवाल्याने’. वहीत जागा जास्त लागते, लागू द्यावी. सांगणाऱ्याचे नाव का हवे, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. मुंबईत १२ मार्च १९९३ रोजी बॉम्बस्फोट झाले, २५७ माणसे मेली. त्या दिवशी तत्कालीन मुख्यमंत्री शरद पवार यांनी स्फोटांच्या ठिकाणांत मशीद बंदरचे नाव मुद्दाम जोडून सांगितले होते, कारण एकाच समाजाच्या वस्त्यांवर हल्ला झाला असे वाटून दंगल पेटू नये अशी त्यांना काळजी होती. हे त्यांनी पुढे स्वतःच सांगितले. त्या दिवसांच्या अंकांत ठिकाणांच्या यादीत तुम्हाला ते नाव दिसले, तर वार्ताहराने बनाव केला असे म्हणू नका. राज्यकर्त्यांनी जे सांगितले ते त्याने छापले. स्फोटांची संख्या वेगवेगळ्या लेखांत वेगळी का आढळते, याचा धागाही अशा ठिकाणी सापडतो.

सरकारचे सांगणे म्हणजे सत्य नव्हे, हे २२ मार्च १९७९ ला सगळ्या देशाने अनुभवले. जयप्रकाश नारायण यांचे निधन झाले, असे पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी लोकसभेत जाहीर केले, सभागृहाने श्रद्धांजली वाहिली, आकाशवाणीवरून बातमी गावोगाव पोहोचली, आणि जयप्रकाशजी मुंबईतील रुग्णालयात जिवंत होते. ते गेले त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला. या प्रसंगाचा अभ्यास करणाऱ्याने मार्चमधली आणि ऑक्टोबरमधली पाने एकत्र ठेवावीत. मार्चमधले एखादे कात्रण सुटे सापडले आणि त्यावर वर्ष लिहिलेले नसले, तर काय अनर्थ होईल याची कल्पना करावी.

जे पानावर नाही, ते घडले नाही असे मानणे

गोव्याच्या बाबतीत ही चूक मला सहन होत नाही. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पेडणे तालुक्यात पत्रादेवीच्या सीमेवर नि:शस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीज पोलिसांनी गोळीबार केला. कर्नेलसिंग बेनिपाल तिथे पडले, आणखी कितीतरी सत्याग्रही मेले व जखमी झाले. आज तिथे हुतात्मा स्मारक आहे. एका तरुण अभ्यासकाने मला विचारले की गोव्यातील त्या वेळच्या वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर हे असायला हवे तेवढे का नाही, आणि गोमंतकीयांना त्याचे काहीच वाटले नव्हते काय. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत वृत्तपत्राचा मजकूर छापण्यापूर्वी सेन्सॉरपुढे जात असे, आणि पोर्तुगालमधील वृत्तपत्रांवर तर सेन्सॉरने तपासल्याची ओळच छापलेली असे. ज्या पानाला परवानगी घेऊन बोलावे लागते, त्याच्या मौनावरून जनतेच्या मनाचा अंदाज बांधणे हा त्या जनतेवर अन्याय आहे. पत्रादेवीसाठी सीमेपलीकडची वृत्तपत्रे पाहावी लागतात, बेळगावची, पुण्याची, मुंबईची, आणि तीही एकमेकांशी ताडून, कारण मृतांचे आकडे त्यांतही सारखे नाहीत.

याच चुकीची दुसरी बाजू अशी की लोक गांधीहत्येचे पान गोव्यातील मराठी दैनिकांत शोधायला येतात. ‘गोमंतक’ सुरू झाला १९६२ मध्ये, ‘राष्ट्रमत’ त्यानंतर, ‘नवप्रभा’ १९७० मध्ये. नेहरूंच्या निधनापासून पुढचे गोमंतकीय मराठी पान मिळेल, १९४८ चे या दैनिकांत मिळणार नाही. गोव्यातील एखाद्या घराच्या माडीवर ३१ जानेवारी १९४८ चा मराठी अंक सापडला, तर तो इथे आला कसा आणि कोणी जपला, हीच एक स्वतंत्र नोंद करण्याजोगी गोष्ट आहे. घरच्या वडीलधाऱ्यांना ती विचारून लगेच लिहून ठेवावी.

आणखी एक. जुन्या काळी अनेक वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर बातम्या नसत, जाहिराती असत. ‘द हिंदू’ने पहिले पान बातम्यांना दिले ते १९५८ मध्ये. तेव्हा अशा अंकांत बातमी आत आहे म्हणून तिला कमी लेखले, असे म्हणता येत नाही. आणि आजच्या अंकात वरचे जाहिरातीचे वेष्टन म्हणजे पहिले पान नव्हे, हेही मुलांना सांगावे लागते.

फोनवर आलेले पान

एका शाळेने हुतात्मा दिनानिमित्त प्रदर्शन भरवले होते आणि आदल्या दिवशी मला पाहायला बोलावले. मुलांनी मन लावून काम केले होते. मधल्या फलकावर ‘३१ जानेवारी १९४८’ चे एक मराठी पहिले पान मोठे करून लावले होते, कडा जळक्या, कागद तपकिरी. मी चष्मा लावून जवळ गेले. किमतीच्या जागी ‘१० पैसे’ असे होते. आपल्याकडे दशमान पद्धतीचे पैसे आले १ एप्रिल १९५७ रोजी. १९४८ मध्ये अंकाची किंमत आण्यांत असायची. खाली पत्त्यात सहा आकडी पिन कोड होता, आणि पिन कोड सुरू झाला तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी. मजकुरात ‘झाले’, ‘नाही’, ‘काही’ असे आजचे लेखन होते. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांपूर्वीच्या छपाईत ‘झालें’, ‘नाहीं’, ‘कांहीं’ असे अनुस्वार ओळीओळीत दिसतात, आणि काही नियतकालिके ‘अिंग्रज’, ‘अुद्या’ असेही छापत. शिवाय प्रत्येक अक्षर हुबेहूब दुसऱ्यासारखे होते. शिशाच्या खिळ्यांनी, म्हणजे अक्षरांच्या सुट्या ठशांनी, जुळवलेल्या पानात एखादा ‘र’ झिजलेला असतो, एखादा काना तुटलेला असतो, शाई एका बाजूला दाट आणि दुसऱ्या बाजूला फिकट उतरलेली असते.

मी शिक्षकांना ते पान काढायला सांगितले. त्यांचा चेहरा उतरला. उद्या पालक येणार, फलक मोकळा कसा ठेवायचा, असे ते म्हणाले. मोकळा ठेवावा, असे मी सांगितले आणि अजूनही तसेच सांगेन. राष्ट्रपित्याच्या हत्येचा बनावट कागद मुलांच्या हातून लोकांपुढे जाणे मला मान्य नाही, मग तो कोणी कितीही चांगल्या हेतूने बनवलेला असो. शेवटी त्या जागी मुलांनी स्वतःच्या अक्षरात एक पत्रक लावले: पान बनावट कसे ओळखले, ते मुद्द्यांसह. दुसऱ्या दिवशी त्या फलकापुढेच लोक सर्वांत जास्त वेळ उभे होते.

ज्याला मूळ अंक पाहायला वेळ नाही, त्याने पान लावू नये. फोनवर आलेले पान हा कोणता अंक आहे, कोणत्या ग्रंथालयात आहे, हे सांगता येत नसेल, तर ते माझ्या लेखी चित्र आहे, पुरावा नाही. स्मृतिदिनाला वृत्तपत्रे स्वतःही जुनी पाने पुन्हा छापून वाटतात. ती खरी असतात, पण पुनर्मुद्रित असतात, आणि त्यांवर आवृत्तीची खूण अनेकदा गळालेली असते.

लहान पण नडणाऱ्या चुका

छायाचित्र त्याच घटनेचे आहे असे गृहीत धरू नका; दूरच्या ठिकाणचे छायाचित्र यायला दिवस लागत, तोवर संग्रहातला जुना ब्लॉक, म्हणजे चित्राचा छपाईचा ठसा, वापरला जाई.

मथळ्यातील शब्द आजच्या शब्दाने बदलू नका. ‘निधन’, ‘हत्या’, ‘वध’ यांपैकी कोणता शब्द कोणी वापरला, हीच नोंद आहे, आणि गांधीजींच्या बाबतीत तर मराठीत या शब्दांवरून माणसाची बाजू ओळखू येते.

पुढच्या दिवसांतले शुद्धिपत्र आणि खुलासे शोधा. ते आतल्या पानात, लहान टाइपात असतात.

दुखवट्याच्या पानावरची बाकीची बातमीही वाचा. १८ मार्च २०१९ ची गोव्यातील पाने मनोहर पर्रीकर यांच्या निधनाने भरलेली आहेत, पण त्यांच्या जागी कोण येणार ही धावपळही त्याच पानांच्या कोपऱ्यात आहे.

ब्लेड, चिकटपट्टी आणि लॅमिनेशन

शेवटी जतनाविषयी, कारण वर सांगितलेल्या चुका सुधारता येतात, ही येत नाही. आमच्या एका जिल्देत १ नोव्हेंबर १९८४ चे पहिले पान नाही. कोणीतरी ब्लेडने कापून नेले आहे, शिलाईपासून दोन बोटे सोडून, अगदी सरळ रेषेत. नेणाऱ्याला इंदिराजींचे पान हवे होते. त्या पानाच्या मागे दोन नंबरचे पान होते, हे त्याच्या ध्यानात आले नसावे किंवा त्याला त्याची पर्वा नसावी. पुढे कित्येक वर्षांनी सावर्ड्याहून एक वृद्ध बाई आल्या. त्यांचे वडील त्याच आठवड्यात वारले होते आणि निधनवार्ता छापून आली होती, एवढे त्यांना आठवत होते. घरात वडिलांचे नाव छापलेला तेवढाच एक कागद होता, तो पुरात गेला होता. आम्ही दोघींनी आठही दिवसांचे अंक पाहिले. निधनवार्ता कोठे सापडली नाही. त्या कापलेल्या पानाच्या कडेवर बोट ठेवून त्या बराच वेळ बसून राहिल्या. पहिले पान एकटे कधीच नसते, त्याच्या पाठीवर दुसऱ्या कोणाचे तरी आयुष्य छापलेले असते, हे मी त्या दिवसापासून प्रत्येक येणाऱ्याला सांगते, आणि माझ्या टेबलाजवळ बसूनच जिल्द पाहायला लावते.

लॅमिनेशन करणारे लोक वाईट हेतूचे नसतात, म्हणून त्यांना समजावणे अधिक कठीण जाते. वृत्तपत्राचा कागद लाकडाच्या भरड लगद्याचा असतो. त्यात लिग्निन हे लाकडातले द्रव्य उरलेले असते, ते उजेडाने आणि हवेने पिवळे पडते, कागदात आम्ल तयार होते आणि तो घडीवर तुटू लागतो. अशा कागदाला गरम प्लॅस्टिकमध्ये चिकटवले की आम्ल आत कोंडले जाते, आणि आपल्या पावसाळ्यातली ओल कागदात आधीच मुरलेली असली, तर बुरशीही आतल्या आत पसरते. वर्षानुवर्षे जपलेला नेहरूंच्या निधनाचा अंक एका सद्गृहस्थांनी लॅमिनेट करून आम्हाला भेट दिला. चार पावसाळ्यांनंतर त्यावर करडे डाग उमटले, आणि आता प्लॅस्टिक सोडवायला गेले तर शाई प्लॅस्टिकबरोबर निघून येते. चिकटपट्टीचेही तसेच. तिचा डिंक तपकिरी होऊन अक्षरांत उतरतो.

सुटा अंक घरी असेल, तर तो घडी न घालता सपाट ठेवा, आम्लरहित कागदात किंवा दोन बाजूंनी उघड्या पॉलिएस्टरच्या पाकिटात. फाटले असेल तर तसेच राहू द्या आणि जपानी टिश्यू हा पातळ कागद व गव्हाची खळ वापरून दुरुस्ती करणाऱ्या जाणकाराकडे न्या. उन्हात वाळवू नका. ओल आली असेल तर पंख्याखाली, सावलीत ठेवा. जून ते सप्टेंबर मी जुन्या जिल्दा शक्यतो उघडत नाही, कितीही घाईचा प्रकल्प असला तरी. छायाचित्र घ्यायचे तर फ्लॅश बंद करून, शेजारी पट्टी ठेवून, आधी संपूर्ण पान, मग मास्टहेडचा कोपरा, मग बातमी, या क्रमाने घ्या. बहुतेक लोक फक्त मथळा टिपतात आणि घरी गेल्यावर अंक कोणता हे त्यांना आठवत नाही.

तुम्हाला हवे असलेले पान आमच्यासारख्या गावच्या वाचनालयात कापलेले निघाले, तर प्रथम पणजीत पाटो येथील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात चौकशी करा. १८३२ मध्ये सुरू झालेली ही संस्था आहे. पुराभिलेख खात्याकडेही विचारा. १९५४ चा ग्रंथ-प्रदान कायदा १९५६ च्या दुरुस्तीने वृत्तपत्रांनाही लागू झाला, त्यामुळे त्यानंतरचे भारतीय अंक कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि मुंबईत एशियाटिक सोसायटीच्या इमारतीत शोधता येतात. जाताना अंकाचे नाव, तारीख, वार आणि कोणती आवृत्ती हवी ते कागदावर लिहून न्या, आणि शहर आवृत्ती मिळाली तर तिची नोंद आम्हालाही कळवा. आमच्या जिल्देतल्या त्या रिकाम्या जागी मी एक कोरा कागद शिवून ठेवला आहे, त्यावर ती लिहीन.